द्राक्षाची निर्यात वाढवायची तर आधी बागेवर छत द्या

आरमकाठ
२०१९ चा ऑक्टोबर बागलाणात कुणी विसरलेलं नाही. आमची बाग अर्ली, म्हणजे हंगामाआधी माल येणारी, जूनअखेरची छाटणी. मण्यात पाणी उतरलं होतं, व्यापारी सौदा करून गेला होता. मग पाऊस लागला तो दिवाळी उलटली तरी हटेना. वेलीखाली शिरलं की आंबूस वास. घड वरून धड दिसायचा, उलटा केला की आतले मणी तडकलेले आणि रसावर माशा. आई आणि वहिनी दोन दिवस कात्रीनं कुजके मणी काढत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी कात्र्या ठेवून दिल्या.

२०२३-२४ मध्ये देशातून सुमारे साडेतीन लाख टन द्राक्षं बाहेर गेली, आनंदच आहे. पण निर्यात म्हटलं की सरकारला पॅकहाऊस, शीतगृह आणि बंदर एवढंच आठवतं. घडच राहिला नाही तर प्रीकूलिंगला, म्हणजे काढल्याबरोबर थंड करायला, काय लावणार? निर्यातीसाठी जो पैसा निघतो त्यातला पहिला वाटा प्लास्टिक आच्छादनाला द्या. एकरी चार-पाच लाख लहान बागाईतदाराच्या आवाक्यातले नाहीत.

कादवेचा_पोरगा
दादा, तुमचं नुकसान कळतं, उपाय पटत नाही. २०२५ आठवा. मेपासूनच पाऊस आणि ढग. खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्यातल्या पहिल्या छाटणीनंतर, साधारण ४० ते ७० दिवसांत काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होतो, त्याला ऊन लागतं. ते मिळालंच नाही. ऑक्टोबरला छाटणी घेतली, फुटवे निघाले आणि बघतो तर घड जिरलेले, त्यांच्या जागी नुसत्या बाळ्या, म्हणजे वेलीचे ताणे. प्लास्टिकखाली ऊन वाढतं का? उलट कमीच होतं. बँकेचा हप्ता मात्र चालू.

खरी गरज जात बदलण्याची आहे. आपल्या जुन्या थॉमसन जातीचे घड मणी फुगायला जीए संजीवकात बुडवा, विरळणी करा, मजूर सुरगाणा-पेठहून आणा, इतकं करून तिकडे परदेशात गाठ पेरू देशाच्या मालाशी. मोहाडीच्या सह्याद्री या शेतकरी कंपनीनं परदेशी आरा जाती आणल्या त्या उगाच नाही.

आरमकाठ
घड जिरल्याचं मान्य. पण त्या जातींवर रॉयल्टी आहे, करार आहे. काडी शेजाऱ्याला देता येत नाही. आमच्याकडे सोनाका असो की माणिक चमन, काडी हातोहात पसरली म्हणून तर द्राक्ष गावोगाव गेलं. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राकडून पाऊस सोसणारी, खुली जात येईपर्यंत आम्ही काय करायचं?

रॉटरडॅमहून
मी मूळची पिंपळगावची, इथे फळांच्या आयातीत काम करते. २०१० ला आपला माल युरोपनं नाकारला तो लिहोसिन या औषधाच्या अंशामुळे. छाटणीनंतर वाढ रोखायला सगळेच मारायचे. ग्रेपनेट या निर्यातीच्या ऑनलाइन नोंदवहीत प्रत्येक बागेची नोंद होती, पण तपासायच्या यादीत ते रसायनच नव्हतं. एका रसायनानं हंगाम गेला.

म्हणून मला आच्छादन महत्त्वाचं वाटतं, आणि कारण फक्त कुजीचं नाही. पान ओलं राहिलं की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, डाऊनी आला की फवारणी वाढते आणि रेसिड्यूची, म्हणजे फळात औषध उरण्याची, धास्ती वाढते. पान कोरडं राहिलं तर ही साखळी तिथेच तुटते. शिवाय तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा मालाचा कंटेनर कित्येक दिवस जास्त समुद्रावर राहिला. इतक्या प्रवासात एक तडकलेला मणी शेजारचे दहा खराब करतो. मी पनेट, म्हणजे द्राक्षाचे छोटे प्लास्टिक डबे, उघडून पाहिलेत. इथला खरेदीदार पावसाचं कारण ऐकून घेत नाही, पुढच्या आठवड्यात दक्षिण आफ्रिकेचा माल घेतो.

नांदगावकर
कडक बोलतो, माफ करा. एकरी चार लाखांतला निम्मा वाटा जरी सरकारनं उचलला तरी तेवढ्यात आमच्याकडे किती शेततळी होतील याचा हिशेब करा. हवामान फक्त द्राक्षावर फिरलंय का? आमचा मका आणि कांदाही त्याच पावसात गेला. कांदा तर बाहेर जायला तयार होता आणि डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली. ज्याच्याकडे बागेचं भांडवल आहे त्यालाच आणखी द्यायचं, आणि कोरडवाहू माणसानं पीकविम्याच्या भरपाईची वाट बघायची?

तासगावची_सून
नांदगावकरांचं मला पटतं. शिवाय देशातलं बहुतेक द्राक्ष देशातच खपतं, आमचं तर बेदाण्याला जातं. शेडवर सुकत घातलेला माल अवकाळीत काळा पडतो तेव्हा कुणी निर्यातदार विचारायला येत नाही. आच्छादन द्यायचं तर बेदाणा शेडलाही द्या.

आरमकाठ
नांदगावकर, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. माझी मागणी सरसकट नको, हे मात्र कळलं. पहिल्या एक-दोन एकरांपुरतंच अनुदान, तेही ज्याची छाटणी पावसात सापडते त्याला. शेततळं की छत, हे तालुक्यानं ठरवावं. ताई, बेदाणा शेडचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

या जूनला आम्ही सोसायटीचं कर्ज काढून अर्धा एकर झाकतोय, शेजारचा अर्धा उघडा. जात एकच, छाटणी एकाच दिवशी. दोन्हीकडच्या फवारण्या वहिनी वहीत लिहिणार आहे. काढणी झाली की वही इथे टाकतो.