तुमच्या चर्चची घंटा, तुमचा धर्मग्राम (पॅरिश): वसईकरांनो, आठवणी सांगा

निर्मळची लेक
मागच्या आठवड्यात कामासाठी नाशिकला गेले होते. संध्याकाळी गोदाघाटावर नारोशंकराच्या देवळापाशी आले आणि मान वर करून बघतच राहिले. ती घंटा. तिच्यावर १७२१ साल आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा कुठकुठल्या देवळांत गेल्या. मेणवलीला एक आहे, भीमाशंकरला एक. शाळेत तो धडा वाचताना मला मराठ्यांच्या विजयाने ऊर भरून यायचा, आणि घरी आजी घंटांची गोष्ट सांगायची तेव्हा रडू यायचं. आजही दोन्ही तसंच होतं.

पण घाटावर मला आठवली ती आमच्या निर्मळच्या होली क्रॉस चर्चची घंटा. दुपारी बाराला ती झाली की आजी रहाटाचा बैल थांबवायची. विळा खाली, डोक्यावर लुगड्याचा पदर, ओठांत ‘नमो मरिया’. पुढे पुढे तर घंटा झाली की बैल आपणहून उभा राहायचा. आजी म्हणायची, त्यालाही कळतं.

लग्नानंतर पुण्यात आले, बावीस वर्षं झाली. इथे चर्च लांब, घंटा ऐकूच येत नाही. तुमच्या आठवणी लिहा ना. कुठल्याही.

सांडोरचा थोरला
मी सांडोरचा, सेंट थॉमस चर्चचा. लहानपणी वेदीसेवक होतो. तेव्हा मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमध्ये. फादर वेदीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ. ते म्हणायचे ‘दॉमिनुस वोबिस्कुम’, आम्ही पोरं एका दमात ‘एत कुम स्पिरितु तुओ’. अर्थ विचारायची पद्धत नव्हती. पहाटे साडेपाचला अनवाणी वाडीतून पळत जायचो, पायाला दव लागायचं, ते अजून आठवतं.

मग व्हॅटिकनची दुसरी परिषद झाली (१९६२ ते ६५) आणि मिस्सा मराठीत आली. फादर आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. पहिल्या रविवारी माझी आय घरी येऊन चुलीपुढे बसली आणि म्हणाली, साठ वर्षं मी नुसती माळ ओढत बसायचे, आज फादर काय बोलले ते कळलं. तिला अक्षरओळख नव्हती. हे लिहितानाही गळा दाटून येतो.

पापडीकर
थोरले, काय लिहिलंत. तुमच्या आयला अजून ‘क्रेदो’ (श्रद्धेची लॅटिन प्रार्थना) येतं का? आमच्या आजोबांना शेवटच्या आजारात मराठी प्रार्थना आठवेनात, पण लॅटिन अख्खं म्हणायचे.

सांडोरचा थोरला
आय ८८ साली गेली. मला येतं. रोज म्हणतो.

सुकेळी हवी
विषयाला सोडून विचारते, माफ करा. मस्कतमध्ये आहे. राजेळी केळ्यांची खरी सुकेळी (वाळवलेली केळी) हल्ली कोण करतं? मागच्या वेळी भावाने पाठवली ती नुसती साखरेसारखी गोड, उन्हाचा वासच नाही.

आगाशीवाली
उन्हातच वाळवलेली हवी तर आधी सांगून ठेवावं लागतं. आठवडाभर ऊन, रोज संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी पुन्हा बाहेर. एवढं करणाऱ्या दोन-तीन जणीच राहिल्यात आमच्याकडे. मावशीला विचारून निरोपात कळवते.

शेजारचा
मी हिंदू, निर्मळच्या डोंगराखालचा. टेकडीवर शंकराचार्यांची समाधी आणि पलीकडे होली क्रॉस, त्यामुळे आमचं वर्ष दोन्हीकडून भरलेलं. कार्तिकातल्या जत्रेला ख्रिस्ती मित्र आमच्याकडे जेवायला, नाताळला आम्ही त्यांच्याकडे फुगे (तळलेले पिठाचे गोळे) खायला. येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा करायला लागणारं मॉस आणि गवत मीच आणून द्यायचो. गायीच्या मूर्तीचं शिंग एकदा माझ्या हातून मोडलं होतं, मित्राच्या आयने भाताच्या खळीने चिकटवलं आणि ‘आता ही आपल्या गोठ्यातली’ म्हणाली.

निर्मळची लेक
@शेजारचा अय्या, म्हणजे आपण एकाच पाखाडीतले की काय! जत्रेत पाळण्यात बसायचो ते आठवतं? फादरांनी कधी अडवलं नाही.

जपानहून
मी नोकरीसाठी जपानात आहे. २०१९ ला नागासाकीला गेलो ते फक्त एका माणसासाठी. गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेला मुलगा, किल्ल्यात शिकला, जपानला गेला, व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन झाला आणि दुभाषा म्हणून परत आला. ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर दिलं, त्यात तो. १८६२ मध्ये संत झाला. तिथे २६ ब्राँझच्या मूर्ती रांगेत आहेत. मी गासचा. लहानपणापासून आमच्या चर्चला त्याचं नाव. त्या भिंतीपुढे उभा राहून मी मोठ्याने आपल्या कादोडी बोलीत बोललो. आजूबाजूला जपानी शाळेतली मुलं होती. मला वाटलं, चारशे वर्षांत त्याला ही बोली कुणी ऐकवली असेल की नाही. त्याच्या वेळची बोली वेगळीच असणार, माहीत आहे. तरी बोललो.

पापडीकर
@जपानहून काय बोललास ते सांग ना

जपानहून
घरची खुशाली. पाऊस, पानवेल, बाबांची तब्येत.

नर्स
सगळं वाचलं, लिहू की नको करत होते. २०२० च्या जुलैत आई गेली. मी आयर्लंडमध्ये ड्युटीवर, विमानं बंद. दफनाला मोजकी माणसं. भावाने फोन चालू ठेवून चर्चच्या पायरीवर ठेवला. चित्र हलत होतं, काही दिसत नव्हतं. मयताची घंटा मात्र स्पष्ट ऐकू आली, एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. तिचा चेहरा मी पाहिला नाही, तीच घंटा माझ्याकडे आहे.

आगाशीवाली
🙏🙏 नर्सताई, २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरस्तानात जाते मी. आईंचं नाव निरोपात कळवा, मेणबत्ती लावीन.

नर्स
कळवते ताई. खूप आभार.

बावखल
आम्ही बावखलातल्या (वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यातल्या) पाण्यावर वाडी केली. केळी, पानवेल, मोगरा. माल घेऊन दादरला जायला पहाटेची गाडी. वाडीतलं बावखल आमच्या चुलत्यांनी बुजवून तिथे इमारत उभी केली, मी लहान होतो, विरोध करता आला नाही, त्याची बोच अजून आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी, पाण्यासाठी लोकांना घेऊन रस्त्यावर उतरले तेव्हा माझे बाबा त्या मोर्चात होते. प्रवचनात पाणी, झाडं, बावखलं यायची. काहींना ते आवडायचं नाही. बाबांना वाटायचं, वेदीवरून हेच सांगायला हवं.

पापडीकर
आणि २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष! आमच्या घरी टीव्हीसमोर सगळे मिस्सेला बसतात तसे बसले होते. आई सोन्याचे दागिने घालून. २५ जुलै २०२४ ला ते गेले.

२२ मे १९९८ ला वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला, तेव्हा आमच्या पापडीलाही गर्दी. त्याआधी सगळं मुंबईच्या हाताखाली. बिशप थॉमस डाबरे यांचं स्वागत झालं, ब्रास बँड वाजला. वडील क्लॅरिनेट वाजवायचे, लग्नालाही आणि मयतालाही. त्या दिवशी ओठ सुजले होते त्यांचे.

सुकेळी हवी
क्लॅरिनेट! आमच्या लग्नात पापडीचाच बँड होता. ९६ साल, मे महिना. तेच असतील का?

पापडीकर
मे ९६ म्हणजे शक्य आहे. बाबांच्या वहीत तारखा लिहिलेल्या आहेत, पेटीतून काढतो रविवारी. गाव कुठलं तुमचं?

सुकेळी हवी
नंदाखाल. लग्नविधीचं उंबराचं पाणी आणायला गेलो तेव्हाच पाऊस आला होता, बँडवाले आमच्या ओटीवर चढले, ते आठवत असेल त्यांना.