फवारणीची विषबाधा: स्नायू सैल करायचं इंजेक्शन का दिलं? मदत हवी आहे

बदनापूरकर: लवकर सांगा. लहान भावाला रात्री श्वास जमेना म्हणून व्हेंटिलेटरवर घेतलं अन् स्नायू सैल करायचं इंजेक्शन दिलं. आता बोटसुद्धा हलत नाही. आधीच गळालेल्या माणसाला हे कशाला?

कापूसकरी: औषध कोणतं? पोटात गेलं का फवारताना? कितवा दिवस?

बदनापूरकर: प्रोफेनोफॉस. शनिवारी कपाशीवर फवारत होता. रविवारी बरा होता, बोलला. सोमवारी रात्री उशीवरून मान उचलेना. आज मंगळवार.

शिवारातला: चिंचेचं पाणी पाजून उलटी काढायची होती.

आयसीयू_सिस्टर: चुकूनही नको, उलटी फुफ्फुसात जाते. दादा, नसेचा हुकूम स्नायूला पोचवतं ते ॲसिटिलकोलिन; या विषानं ते मोडणारं एन्झाइम बंद पडतं. नसेचा हुकूम थांबतच नाही, स्नायू आधी फडफडतात, मग गळतात. ॲट्रोपिन या औषधानं लाळ अन् छातीतलं पाणी आटतं, स्नायूंना त्याचा उपयोग नाही. २४ ते ९६ तासांत मान गळते, मग श्वास. याला इंटरमीजिएट सिंड्रोम म्हणतात. ते इंजेक्शन विषावरचा उतारा नव्हे, घशात नळी नीट जावी म्हणून देतात. नाव काय लिहिलंय?

परतूरचा_पाटील: पाम, म्हणजे या विषावरच्या उताऱ्याचं इंजेक्शन, लावायला सांगा! आमचे चुलते पामनंच वाचले.

आयसीयू_सिस्टर: पाम लवकर दिलं तर उपयोगी पडू शकतं, पण प्रत्येकालाच गुण येतो असं नाही. ते डॉक्टर ठरवतील.

कापूसकरी: गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत मृत्यूला २ लाख मिळतात. सातबारा काढून ठेवा.

बदनापूरकर: माझा भाऊ जिता आहे. असलं इथं लिहू नका. सिस्टर, फाइलीत रात्री अडीचला 'सक्सिनिलकोलिन' लिहिलंय.

आयसीयू_सिस्टर: मग ऐका. त्या औषधाला रक्तातलं एक एन्झाइम मोडतं, अन् ते एन्झाइमही विषानं बंद पाडलेलं असतं. एरवी काही मिनिटांत उतरतं, अशा रुग्णात तासन्‌तास राहू शकतं. स्नायू सैल करायची दुसरी औषधं, व्हेकुरोनियम, रोक्युरोनियम, यांचं तसं नसतं. न हलणं विषामुळंही असेल, म्हणून डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: याचा असर अजून आहे का, अन् झोपेचं औषध चालू आहे का? स्नायू सैल झाले तरी माणूस जागा असू शकतो, सगळं ऐकू येतं. जवळ जाऊन बोला.

बदनापूरकर: विचारलं. झोपेचं चालू आहे म्हणाले, असर उतरायची वाट बघतायत. आई आत गेलीय. बैलांनी पाणी पेलं म्हणून त्याच्या कानात सांगतीय.