चांगलं करताना आपण आजूबाजूला का बघतो?

म्हापशेकरीण:
शुक्रवारच्या बाजारात एका म्हातारीकडून तांबड्या भाजीच्या दोन जुड्या घेतल्या, चाळीस झाले, मी शंभरची नोट दिली आणि राहू दे म्हटलं. इथपर्यंत ठीक. पण देताना माझी मान आपोआप वळली, ऑफिसातली मैत्रीण बघतेय का ते बघायला, आणि ती मोबाईलमध्ये डोकं घालून होती तर मला चक्क वाईट वाटलं!! नंतर तिलाच सांगितलं (ती कॅथलिक) तर हसत म्हणाली, अगं ते आदिपाप, माणूस मुळात स्वार्थीच. ख्रिस्ती लोक खरंच असं मानतात का? वाद नको, समजून घ्यायचंय. आमच्याकडे या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात एवढंच मला माहीत.

साष्टीकर:
मैत्रिणीने अर्धंच सांगितलं तुम्हाला. बायबलातल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव सगळं घडवून झाल्यावर बघतो तर ते फार चांगलं असतं, आदम-एवाचं पाप, म्हणजे आदिपाप, येतं ते तिसऱ्यात. आम्हा कॅथलिकांत म्हणतात स्वभाव जखमी आहे, सडलेला नाही. बाप्तिस्म्याने आदिपाप धुतलं जातं पण पापाकडे ओढ राहते, आणि ट्रेंटच्या धर्मसभेने १५४६ मध्येच सांगून ठेवलंय की ती नुसती ओढ म्हणजे पाप नव्हे, तिला आपण हो म्हटलं तर गोष्ट वेगळी. मान वळली ती ओढ. पुढच्या वेळी मैत्रीण वर बघेपर्यंत नोट हातात धरून थांबलात तर मात्र कुमसार (पाद्रीपुढे पापाची कबुली) :) बाकी हाताचं ते येशूनेही सांगितलंय, मत्तय सहावा अध्याय.

नगरवाला पणजीत:
आम्ही प्रोटेस्टंट जरा कडक हो. आमचा मूळपुरुष मार्टिन ल्यूथर म्हणायचा माणूस स्वतःकडेच वाकलेला, इतका की देवालासुद्धा स्वतःच्या कामाला लावतो. मला पटतं, कारण चर्चमध्ये देणगीदारांची यादी लागली की मी आधी स्वतःचं नाव शोधतो, मग स्पेलिंग बघतो, मग शेजारच्याचा आकडा. प्रेषित पौलासारखा माणूस बायबलातल्या रोमकरांस पत्रात, सातव्या अध्यायात, कबूल करतो की करायचं ते चांगलं हातून होत नाही आणि नको तेच होतं, तिथे आपली काय कथा.

डिचोलीकर:
मग बाणावलीचे पाद्री जोसेफ वाझ कुठे बसवणार? श्रीलंकेतल्या कँडीच्या राजाने आधी पोर्तुगीजांचा हेर समजून कैदेत टाकलं, आणि १६९७ मध्ये त्याच कँडीत देवीची साथ आली तेव्हा लोक आजाऱ्यांना सोडून पळत होते नि हे त्यांची शुश्रूषा करत राहिले. यात स्वार्थ शोधून दाखवा.
(आणि आदम-एवाची गोष्ट मराठीतच वाचायची तर स्टीफन्स पाद्रींचं ख्रिस्तपुराण आहे, १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलेलं, सगळं ओव्यांत. मराठी-कोकणी वाद इथे सुरू करू नका प्लीज.)

साष्टीकर:
@डिचोलीकर त्यालाच आम्ही देवाची कृपा म्हणतो. स्वतःच्या जोरावर केलं असं वाझ स्वतःही म्हणाले नसते.

नगरवाला पणजीत:
इथे मात्र आपलं जुळलं.

म्हापशेकरीण:
अपडेट. या शुक्रवारी मुद्दाम एकटी गेले. म्हातारीने मला लांबूनच ओळखलं, पिशवीत तीन जुड्या कोंबल्या आणि पैसे काढले तर हात मागे ढकलला, म्हणे मागचे साठ आहेत तुझे माझ्याकडे. राहू दे म्हटलेलं तिने मनावरच घेतलं नव्हतं. आणि खरं सांगू का, तेव्हासुद्धा मी वळून बघितलं, आता हे कुणी बघू नये म्हणून. तीन जुड्या निवडत बसलेय.