'सभ्यता' की 'संस्कृती'? एका शीर्षकाचं भाषांतर

प्रश्न
परिसंवादाच्या हिंदी पत्रकात विषय असा आहे : 'वैश्वीकरण और विभिन्न सभ्यताओं एवं संस्कृतियों के बीच संवाद'. मराठीत 'जागतिकीकरण आणि विविध सभ्यता व संस्कृती यांच्यातील संवाद' चालेल का?

कोशप्रेमी
'जागतिकीकरण' ठीक. पण 'सभ्यता' नको. सभेत बसण्याजोगा तो सभ्य, म्हणून मराठीत सभ्यता म्हणजे वागण्यातला शिष्टपणा. 'विविध सभ्यता' वाचून मराठी माणसाच्या मनात शिष्टाचाराचे प्रकार येतील. हिंदीत 'सिंधु घाटी सभ्यता', मराठीत मात्र 'सिंधू संस्कृती'. शब्द दोन्हीकडे तोच दिसतो, म्हणूनच हिंदीवरून मराठी करताना ही चूक नजरेतून निसटते.

पुरातत्त्व अभ्यासक
मान्य, पण मग अडचण दुसरीकडे निघते. मराठीत सिव्हिलायझेशन आणि कल्चर या दोन्हींना आपण 'संस्कृती'च म्हणतो. प्रवरेकाठच्या दायमाबादला उत्तर (म्हणजे अखेरच्या) हडप्पा काळाचे थर आहेत आणि जोर्वे काळाचेही. लिहिताना 'हडप्पा संस्कृती' आणि 'जोर्वे संस्कृती' असं सरसकट लिहिलं जातं. त्यांतली पहिली शहरं, मुद्रा, लिपी असलेली; दुसरी खेड्यांत राहणाऱ्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची. फरक दाखवायचाच असेल तर पहिलीला 'नागरी संस्कृती' म्हणावं.

आणि हे विशेषण उपरं नाही. सिव्हिलायझेशनच्या मुळाशी लॅटिनमधला 'नागरिक' या अर्थाचा शब्द आहे. अरबी-फारसीत सिव्हिलायझेशनला 'तमद्दुन' म्हणतात; त्याचा धातू म-द-न, तोच 'मदीना' म्हणजे शहर या शब्दातही आहे. आपल्याकडे नगर, नागर. तीन भाषांनी ही कल्पना शहराशीच बांधली.

कोशप्रेमी
उत्खननाच्या अहवालात 'नागरी' चालेल. आजच्या चिनी किंवा इस्लामी जगाबद्दल लिहिताना मात्र तोच शब्द गोंधळ करतो, कारण मराठीत 'नागर'ची जोडी 'ग्रामीण'शी लागलेली आहे. वाचकाला वाटेल, परिसंवाद शहरी लोकांपुरता आहे.

बंगालीच्या अभ्यासक
'संस्कृती'चा प्रवास या विषयाला फार जवळचा आहे, म्हणून सांगते. बंगालीत कल्चरसाठी 'कृष्टि' रूढ होत होता. कल्चर मूळचा लॅटिन मशागतीचा शब्द आणि कृष्टी म्हणजे नांगरणी, त्यामुळे भाषांतर अक्षरशः बरोबर होतं. रवींद्रनाथांना ते मुळीच रुचलं नाही. १९२२ च्या सुमारास भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांना पॅरिसमध्ये एका मराठी मित्राकडून 'संस्कृती' हा पर्याय कळला. त्यांनी तो रवींद्रनाथांना सांगितला आणि बंगालीने तो उचलला. शब्दाला 'ऐतरेय ब्राह्मण' या वैदिक ग्रंथाचाही आधार मिळाला : 'आत्मसंस्कृतिर्वाव शिल्पानि' (शिल्पं म्हणजे स्वतःवरचा संस्कारच). म्हणजे मराठी वापरातला शब्द पॅरिसमार्गे बंगालीत पोचला. असा शब्द हाताशी असताना 'सभ्यता' उसनी का आणायची?

फारसी जाणणारे
'संवाद'कडेही पाहा. संयुक्त राष्ट्रांनी २००१ हे वर्ष संस्कृतींमधल्या संवादाचं म्हणून पाळलं. ठराव नोव्हेंबर १९९८ चा, सूचना इराणचे तेव्हाचे अध्यक्ष महंमद खातमी यांची. फारसीत त्याला 'गुफ्तगू-ए तमद्दुनहा' म्हणतात. तिथे गुफ्तगू म्हणजे साधी, खुली बातचीत. मराठीत गुफ्तगू दोन पुढाऱ्यांची, बंद दाराआड होते! म्हणून मूळ शब्द ओळखीचा दिसला तरी तसाच उचलू नये.

'संवाद'ला मात्र एक जास्तीचा अर्थ आहे : जुळणं. रागात वादी म्हणजे मुख्य स्वराशी जुळणारा संवादी स्वर असतो. उलट तो विसंवाद. संवाद म्हटल्यावर एकमत थोडं गृहीतच धरलं जातं. मतभेद कायम ठेवून बोलणं अभिप्रेत असेल, तर ते पत्रकाच्या मजकुरात स्पष्ट लिहावं. शीर्षक तेवढा भार पेलणार नाही.

मुद्रितशोधक
सर्वांत जास्त चुका इथे होतात :
'संस्कृतीमधील संवाद' म्हणजे एकाच संस्कृतीच्या आतला.
'संस्कृतींमधील संवाद' म्हणजे अनेक संस्कृतींचा आपापसातला.
'संस्कृती'चं एकवचन आणि अनेकवचन सारखंच दिसतं. विभक्ती लागली की फरक फक्त अनुस्वार सांगतो. तो गळला की परिसंवादाचा विषयच बदलतो. समास केलात तर पहिल्या पदातली 'ति' ऱ्हस्व : 'संस्कृतिसंवाद'. विशेषण हवं असेल तर 'आंतरसांस्कृतिक', 'आंतरराष्ट्रीय'सारखं. 'अंतर्' म्हणजे आतला, जसं अंतर्गत. तो इथे उलटा अर्थ देईल.

प्रश्नकर्ता
मग 'सभ्यता' आणि 'संस्कृती' अशी जोडी ठेवायचीच नाही का?

कोशप्रेमी
शीर्षकात नको. 'जागतिकीकरण आणि जगातील संस्कृतींचा परस्परसंवाद' एवढं पुरे. एखाद्या निबंधात दोन्ही संकल्पना वेगळ्या वापरल्या असतील, तर पहिल्याच परिच्छेदात 'नागरी संस्कृती' म्हणजे काय ते एका वाक्यात सांगावं आणि पुढे शेवटपर्यंत तोच शब्द ठेवावा.

जागतिकीकरणाबद्दल एवढंच की 'खाउजा' (खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण) मुळे मराठी वाचक त्याला १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणाशी जोडतो. चर्चा भाषा, आहार, धर्म यांचीही असेल तर उपशीर्षकात तसं लिहा.

मुद्रितशोधक
मजकूर जुन्या टंकातून युनिकोडमध्ये आणणार असाल, तर 'तीं' हे अक्षर मुद्दाम शोधून तपासा. दीर्घ वेलांटी आणि अनुस्वार यांचं जोडचिन्ह रूपांतरात तुटतं आणि अनुस्वार तेवढा गायब होतो.