निकालापेक्षा वसुली अवघड

काही जण म्हणतात की, 2020च्या औद्योगिक संबंध संहितेनुसार कामगार-मालक वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणात न्यायिक सदस्याबरोबर प्रशासकीय सदस्यही (सरकारी सेवेतून आलेला) बसेल आणि खटले झटपट उरकतील. माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहितोय.

माझे वडील भोसरीतल्या एका कारखान्यात फिटर होते. कामावरून काढलं, ते कामगार न्यायालयात गेले आणि जिंकले. पैसे मात्र हातात आलेच नाहीत. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 33C प्रमाणे आधी सरकारकडे अर्ज, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे वसुलीचा दाखला. तिथून महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. तो कागद पुढे तहसील कार्यालयात गेला आणि तिथेच पडून राहिला. आण्णा, म्हणजे माझे वडील, किराणा दुकानाच्या पिशवीत सगळ्या तारखांच्या चिठ्ठ्या रबर लावून ठेवायचे. पिशवी फाटली तरी आईला टाकू दिली नाही.

नव्या संहितेतही वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फतच आहे. माझ्या मते खरी सुधारणा इथे हवी. निकाल देणाऱ्या न्यायाधिकरणालाच मालकाचं बँक खातं गोठवण्याचा, यंत्रं जप्त करण्याचा अधिकार द्या. आणि हो, प्रशासकीय सदस्याबद्दल मला धास्तीच वाटते. मालक जेव्हा खुद्द सरकारी महामंडळ असेल, तेव्हा सरकारी सेवेतून आलेला माणूस समोर बसलेला पाहून कामगाराने विश्वास ठेवायचा कुणावर?

बडतर्फीचे दावे तर न्यायिक आणि प्रशासकीय अशा दोन सदस्यांच्या पीठापुढेच जायचे आहेत.