व्हिजिबिलिटीला दृश्यमानता म्हणायचं का? धुकं सोडून दुसरं काही सुचवा

पानगळ
एका आधारगटाची माहितीपुस्तिका मराठीत करतेय. ट्रान्सजेंडर मुलांचे आईवडील आणि गटात नव्याने येणारी माणसं, असा वाचक. पहिल्याच पानावर गाडी रुतली. 31 मार्चला जो 'ट्रान्सजेंडर डे ऑफ व्हिजिबिलिटी' पाळतात, त्याचं मी 'दृश्यमानता दिन' केलं. गटातल्या एका काकूंना मसुदा वाचायला दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "हे विमानांचं आहे का गं? धुक्याचं?"

त्यांचं काही चूक नाही. दृश्यमानता आपल्याला भेटते ती हिवाळ्यातल्या बातम्यांतच.

थोडा संदर्भ देते. मारल्या गेलेल्या ट्रान्स माणसांची आठवण 20 नोव्हेंबरला काढतात, 1999 पासून. अमेरिकेत मिशिगनच्या ट्रान्स कार्यकर्त्या रेचल क्रँडल यांना हे खटकलं, की लोकांना ठाऊक असलेला दिवस एकच आणि तोही गेलेल्यांचा. म्हणून 2009 मध्ये त्यांनी जिवंत असलेल्यांसाठी दिवस सुरू केला. तेव्हा 'आहोत, इथेच आहोत' हे शब्दात यायला हवं. पण पुस्तिकेत लगेच पुढे असंही आहे की दिसणं प्रत्येकाला परवडत नाही, आणि जो दिसत नाही त्याला कुणी भित्रा ठरवू नये. म्हणजे झेंडा नाचवणारा शब्दही नको. शुक्रवारी छापायला जायचंय. सुचवा.

मुद्रितशोधक
दृश्यमान हे कर्मणी धातुसाधित. 'जे दिसत आहे ते'. म्हणजे तुमच्या अर्थाला दृश्यमानताच नेमकी. चूक हवामानवाल्यांची आहे, त्यांनी 'दृष्टिपल्ला' म्हणायला हवं होतं. हे काकूंना समजावून सांगा.

आडवाटेचा
काका, आधी व्याकरणाचा तास आणि मग पुस्तिका असं असेल तर पुस्तिका हवी कशाला? 'वावर' घ्या. चारचौघांत वावर. त्यात दिसणंही आलं आणि असणंही आलं, छाती पुढे काढावी लागत नाही.

वऱ्हाडी ठेचा
आमच्याकडे वावर म्हणजे शेत. 'ट्रान्सजेंडर वावर दिन' वाचून लोक सातबारा घेऊन येतील.

आडवाटेचा
😂 बरं, मागे घेतो. (मनातून नाही.)

शुद्धमती
मूळ प्रश्नाआधी एक विचारते. 'ट्रान्सजेंडर' तसाच का ठेवलाय? पारलिंगी हा चांगला शब्द आहे. महापौर, दिनांक, चित्रपट हे शब्दही सावरकरांनी दिले तेव्हा लोक हसलेच होते. आज कुणी हसतं का? वापरला की रुळतो.

आडवाटेचा
रुळले ते मोजलेत, गळाले ते कोण मोजणार? दूरध्वनी बिलावर आणि लग्नपत्रिकेत राहिला. तोंडात फोनच.

वऱ्हाडी ठेचा
आणि तृतीयपंथीला काय झालं? सगळ्यांना समजतो. पेपरात रोज येतो.

रिकामी चौकट
मला झालं. मी ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्मावेळी मुलगी ठरवलेला पुरुष. तृतीयपंथी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर साडी, टाळी आणि सिग्नल येतो. त्यात मी कुठेच नाही. शिवाय तृतीय का? 15 एप्रिल 2014 च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की स्वतःला पुरुष, स्त्री की तृतीय लिंग मानायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. मी पहिल्या दोनांतला एक आहे. मला मोजताना तिसऱ्यापर्यंत जायची गरज नाही.

मुद्रितशोधक
'तृतीय' फार जुना आहे. कामसूत्रात 'तृतीया प्रकृती' येते, अमरकोशातही. तृतीयपंथीमधला पंथ मात्र अलीकडचा. नाथपंथ, वारकरी पंथ म्हणतो तसा. म्हणजे देहाचं न सांगता वाट सांगणारा शब्द. मला तो सभ्य वाटतो.

रिकामी चौकट
पंथ घेतात. दीक्षा असते, गुरू असतो. हिजडा समाजात ते सगळं आहे, गुरू, चेला, घराणं, डेरा. म्हणून तिथे तो शब्द शोभतो. मी कुठला पंथ घेतलाय?

शुद्धमती
म्हणूनच पारलिंगी म्हणते आहे. त्यात तृतीय नाही आणि पंथही नाही.

मुद्रितशोधक
पार म्हणजे पलीकडचा काठ, लॅटिनमधल्या ट्रान्सचा अर्थही पलीकडे. त्याची जोडी सिस, म्हणजे अलीकडे. आल्प्सच्या अलीकडच्या गॉलला रोमन लोक सिसाल्पाइन म्हणत. मराठीत ही जोडी तयारच आहे, ऐल आणि पैल. ऐललिंगी, पैललिंगी. 'सिसजेंडर'साठी, म्हणजे जे ट्रान्स नाहीत त्यांच्यासाठी, मराठीत शब्द नाही म्हणणाऱ्यांना हा घ्या.

आडवाटेचा
वा! पहिल्यांदाच काकांचा शब्द घरी न्यावासा वाटला.

रंकाळ्याची
बरेच दिवस नुसती वाचत होते, आज राहवलं नाही. पैलतीर गाठणं म्हणजे मराठीत काय होतं ते श्रद्धांजलीच्या पानावर बघा. पानगळताईंनी मेलेल्यांचा दिवस बाजूला ठेवून शब्द मागितला आणि तुम्ही आम्हाला थेट पैलतीरी पोचवलं.

मुद्रितशोधक
अरेरे. हे माझ्या ध्यानात आलं नाही. मान्य.

शुद्धमती
पारलिंगीवर कुणाचा आक्षेप दिसत नाही.

रंकाळ्याची
माझा नाही, पण आमच्यात बोलताना कुणी वापरत नाही. अर्ज करताना, भाषण देताना पारलिंगी. एकमेकींत 'ट्रान्स'. आणि ज्या घराण्यात आहेत त्या स्वतःला हिजडा म्हणतात, ताठ मानेनं. तोच शब्द रस्त्यावरून कुणी फेकला तर तो दगड असतो. कोशात एकच अर्थ छापला तर यातलं नेमकं काय छापणार?

वऱ्हाडी ठेचा
हिजडा हा अरबी हिज्रवरून ना? टोळी सोडून निघालेला तो.

मुद्रितशोधक
ऐकायला गोड आहे. कानाला इतकी गोड लागणारी व्युत्पत्ती मी तरी उधारीवर घेत नाही.

वऱ्हाडी ठेचा
मग किन्नर? आमच्याकडे ट्रकवरच्या पोऱ्याला किन्नर म्हणत, क्लीनरचा अपभ्रंश. हिंदी बातम्यांत 'किन्नर समाज' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं यांची युनियन झाली.

पानगळ
मंडळी, व्हिजिबिलिटी 🙏 आणि हो, पारलिंगी निदान सरकारी उभयलिंगीपेक्षा बरा. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्याच्या अधिकृत हिंदी नावात 'उभयलिंगी व्यक्ति' आहे, आणि मला आलेल्या कच्च्या भाषांतरात कुणी तेच उचलून ठेवलं होतं. शाळेत जास्वंदीचं फूल उभयलिंगी होतं, त्यानंतर गांडूळ.

आडवाटेचा
तमिळमध्ये हे जमलंय बघा. ट्रान्स स्त्रीला तिरुनंगै, ट्रान्स पुरुषाला तिरुनंबी. 'तिरु' म्हणजे आपलं श्री. शब्दाच्या सुरुवातीलाच मान. मद्रास उच्च न्यायालयाने सांगितल्यावर 2022 मध्ये तिथल्या सरकारने असा शब्दसंग्रहच राजपत्रात छापला. आपल्याकडे अजून आपण जास्वंदीवर.

शुद्धमती
म्हणजे शब्द घडवता येतात, हेच मी म्हणत होते.

आडवाटेचा
घडवता येतात, पण ज्यांचा आहे त्यांना विचारून.

रिकामी चौकट
नावाचं काय ते होईल. नाव दिवसातून एकदा लागतं, क्रियापद दर वाक्याला. मराठीत दिसणं तिथेच सुरू होतं. इंग्रजीत 'मी आलो' आणि 'मी आले' एकच. आपल्याकडे तोंड उघडलं की कळलं.

मी नोकरीच्या ठिकाणी तीन वर्षं एकदाही आलो किंवा आले म्हटलं नाही. करता येतं. 'मी सांगितलं', 'मी पाहिलं', 'मी जेवण केलं' यांत क्रियापद कर्माच्या मागे जातं, तुम्ही सुटता. 'मी येईन' चालतं. 'मला निघायचंय', 'मला वाटतं', 'मी घरी आहे' हे सगळे सुरक्षित. पण 'काल कुठे होतास?' याला उत्तर देताना 'होतो' येतंच. मी म्हणायचो, "काल सुट्टी घेतली." सर्वांत मोठा आधार 'आम्ही'चा. 'आम्ही आलो', 'आम्ही येतो', बाई असो की बुवा, एकच. तीन वर्षं आम्ही आम्ही करत फिरलो. ऑफिसात मला 'पाटील' हे टोपणनाव पडलं.

ज्या दिवशी टीमच्या बैठकीत दारात उभं राहून "सॉरी, उशिरा आलो" म्हटलं, तो माझा 31 मार्च. तारीख वेगळी होती. कुणी मान वर करून पाहिलंही नाही. एकजण म्हणाला, "दार लाव."

मुद्रितशोधक
हे वाचून महाभाष्य, पतंजलीचा संस्कृत व्याकरणावरचा ग्रंथ, आठवला. पतंजली विचारतो, व्याकरणातली स्त्री कशी ओळखायची? एक उत्तर येतं: स्तन आणि केस असतील ती स्त्री, अंगावर लव असेल तो पुरुष, या दोहोंचा अभाव ते नपुंसक. लगेच शंका काढली आहे, की मग भ्रूकुंसाचं काय? भ्रूकुंस म्हणजे स्त्रीवेश घेतलेला नट. खुणांवरून ठरवायचं तर त्यालाही स्त्रीप्रत्यय लावावा लागेल. आणि खट्वा (खाट) स्त्रीलिंगी, वृक्ष पुल्लिंगी, यांना तर कुठल्याच खुणा नाहीत. ती व्याख्या तिथेच लंगडी पडते.

रंकाळ्याची
दोन हजार वर्षांपूर्वीची शंका आजही दर खिडकीवर निघते, फक्त संस्कृतात नाही. नट आणि ट्रान्स एक नव्हेत हं, हेही नोंदवते.

पण चौकट यांच्या आलो-आलेवर माझं एक. मी कोल्हापूरची. आमच्याकडे बायका, पोरी सर्रास "मी आलो", "मी जातो" म्हणतात. आई म्हणते, बहिणी म्हणतात. म्हणजे लहानपणी त्या जे बोलायच्या तेच मी बोलायचे आणि कुणाला काही कळायचं नाही. लपायला याहून चांगली जागा नाही. पण गंमत अशी, की मला वेगळं काही म्हणायचं असेल तर म्हणायला शब्दच नव्हता. घरात 'आले' म्हणणारी एकही बाई नाही, मी कुणाकडून शिकू?

'आले' मी पुण्यात शिकले. हॉस्टेलच्या जिन्यात एकटीच म्हणून बघायचे. "मी आले. मी निघाले." मग एकदा घरी फोनवर निसटलं, "आई, मी पोचले." पोटात गोळा. पलीकडे दोन सेकंद काही नाही. मग आई म्हणाली, "लई पुणेरी बोलायला लागलास की रं!"

तिला वाटलं, पोरगं शहाणं झालं, पेठेतलं बोलायला लागलं. वर्षभर मी पुणेरी म्हणून खपले. नंतर घरी सांगितलं, जे व्हायचं ते झालं, ते इथे लिहीत नाही. मध्ये दीड वर्ष फोन नाही. आता आहे. परवा मी "निघाले" म्हटलं तर म्हणाली, "अजून तुझं ते पुणेरी जाईना बघ." आणि थांबून, "सावकाश ये गं."

वऱ्हाडी ठेचा
❤️ एवढंच.

मुद्रितशोधक
'रं' आणि 'गं' ही संबोधनवाचक अव्ययं यात विचारात घ्यायला हवीत, हे खरं.

आडवाटेचा
काका, डोळे पुसा आणि मग लिहा.

शुद्धमती
प्रमाणभाषेचा असाही उपयोग होतो हे कबूल करा मग. एरवी पुणेरीला सगळे नावं ठेवतात.

रंकाळ्याची
ठेवणारच. 😄

चेडू
जे स्वतःला स्त्रीही म्हणत नाहीत आणि पुरुषही नाही, त्यांचं काय करायचं? इंग्रजीवाले 'दे' म्हणतात. मराठीत 'ते आले' म्हटलं की एखादे सासरेबुवा आल्यासारखं वाटतं आणि 'ते आलं' म्हटलं की लेकरू. पण आमच्या मालवणीत चेडू म्हणजे मुलगी आणि ती नपुसकलिंगी. 'ता चेडू इला.' त्यात कमीपणा नाही, लाड आहे. तेव्हा 'ते आलं' अगदीच टाकाऊ ठरवू नका.

मुद्रितशोधक
नपुंसकलिंगी. अनुस्वार राहिला.

रिकामी चौकट
मोठ्या माणसाला कायम लेकरू करणं हाही त्रासच आहे. पण माझ्या ओळखीत एकजण स्वतःला 'ते आलं'च म्हणतं. मला सवय व्हायला महिना लागला. आता वाक्य आपोआप तसं येतं.

पानगळ
सगळ्यांचे आभार, वाचून डोकं भरलं. स्थिती अशी: मथळ्यात 'दिसण्याचा दिवस' टाकलाय, सध्यापुरता. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "मुलगी बघायला येतात तसं वाटतंय." कमिंग आउटचं 'घरी सांगणं' केलं. गटात सगळे "घरी सांगितलंस का?" असंच विचारतात, मग नवा शब्द कशाला घडवायचा? आधारगटवर एक अडचण आली. फोनवर एकजण म्हणाली, "कोणकोणती कागदपत्रं लागतील?" आणि घरच्यांनी दार लावल्यावर जी माणसं आपली होतात त्यांना 'मानलेलं घर' लिहिलंय, मानलेला भाऊ म्हणतो तसं.

शुद्धमती
मानलेलं म्हणजे खरं नसलेलं, असा सूर लागत नाही का?

रंकाळ्याची
मानलेल्या आईनेच मला आजारपणात सहा आठवडे करून घातलं. सूर तुमच्या कानात आहे.

आडवाटेचा
'वावर दिन'चा फेरविचार व्हावा. वऱ्हाडात वेगळी आवृत्ती काढा.

पानगळ
आता शेवटचं, मग त्रास देणार नाही. 'पासिंग'. म्हणजे ट्रान्स माणूस बघणाऱ्याला ट्रान्स वाटलाच नाही, सहज खपून गेला. 'खपणं' बरं वाटत नाही. बाजारातला माल खपतो, आणि कष्ट करून माणूसही खपतो.

मुद्रितशोधक
'उत्तीर्ण होणे' मूळ अर्थाने, म्हणजे तरून पलीकडे जाणे...

आडवाटेचा
काका, पुन्हा पैलतीर!

रंकाळ्याची
पासिंग मराठीच आहे की. आरटीओत करतात. मी एमएच 09 पासिंग.