परिषदेला आलेले सगळे ‘मस्त झाली’ म्हणतात, खरं कसं काढून घ्यायचं?

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, महिनाभर हेच डोक्यात घोळतंय.

आम्ही आठ जण मिळून इथं वर्षातून एकदा एक दिवसाची टेक परिषद घेतो, मराठीतून. सगळे आपापली नोकरी सांभाळून करतात. कुणी वाळूजला कामाला, कुणी सिडकोतल्या छोट्या कंपनीत, दोघं अजून शिकतायत. सभागृह एका कॉलेजनं दिलेलं, प्रोजेक्टर मागून आणलेला. तिकीट 200 रुपये, त्यात सकाळी सुशीला-चहा आणि दुपारचं जेवण. यंदा तिसरं वर्ष. फेब्रुवारीतच उरकतो, कारण नंतर आपल्याकडच्या उन्हात पत्र्याखाली माणूस बसत नाही.

148 जण आले. जालना, परभणी, बीड, काही जण तर अंबाजोगाईहून पहाटेची एसटी धरून. शेवटचा टॉक संपल्यावर पडद्यावर क्यूआर कोड लावला आणि ‘दोन मिनिटं काढा’ म्हणून मीच माइकवरून विनवलं. 41 जणांनी फॉर्म भरला. त्यातल्या 36 जणांनी पाचपैकी पाच दिले. ‘काय सुधारता येईल?’ या रकान्यात ‘छान’, ‘काही नाही’, ‘असेच कार्यक्रम घेत राहा’. एकानं नुसते जोडलेले हात टाकले.

आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण रात्री खुर्च्या आवरताना मागून तिसऱ्या रांगेत वेळापत्रकाचा एक कागद सापडला. कोऱ्या बाजूला निळ्या पेननं लिहिलेलं: ‘डॉकर = ?’, त्याखाली ‘इमेज = ?’, त्याखाली ‘कंटेनर = ?’. पुढं काहीच नाही. डॉकर, म्हणजे सॉफ्टवेअर डब्यात भरल्यासारखं बांधून कुठंही चालवायचं साधन, त्यावरचा टॉक पाऊण तास चालला आणि तिन्ही प्रश्नचिन्हं तशीच राहिली. हा माणूस आमच्या 41 मध्ये नसणार, असला तर त्यानंही पाचच दिले असतील. तो कागद मी जपून ठेवलाय.

जेवू घातलेल्या घराला आपल्याकडं कुणी नावं ठेवत नाही, हे मला कळतं. पण तोंडावर कौतुक करून पुढच्या वर्षी माणूस आलाच नाही, तर आम्ही कुठं चुकलो हे समजणार कसं? तुम्ही कसं विचारता?

उत्तर (लातूर)

दादा, मी टेकवाला नाही. शेतकऱ्यांची प्रशिक्षणं घेतो, पण दुखणं तेच. ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘लई भारी’ ठरलेलं. म्हणून मी मत विचारायचं सोडलं आणि घडलेलं विचारायला लागलो. ‘कोणत्या वेळी उठून बाहेर गेलात?’ ‘कुठं मोबाईल काढून बसलात?’ ‘घरी गेल्यावर यातलं पहिलं काय करून बघणार?’ शेवटच्या प्रश्नाला जागा कोरी राहिली की समजायचं, आपलं बोलणं वाया गेलं. यात नाव ठेवल्यासारखं काही नसल्यानं माणूस सरळ सांगतो.

फॉर्म शेवटी ठेवू नका. संध्याकाळी पाचला माणसाचं डोकं एसटी स्टँडवर पोचलेलं असतं. प्रत्येक टॉकनंतर खुर्चीवर तळहाताएवढी चिठ्ठी आणि पेन्सिल, प्रश्न दोनच, नाव नाही, चिठ्ठी दारातल्या डब्यात. मागं बसलेला माणूससुद्धा बाहेर पडताना टाकून जातो.

आणि डोकी मोजा. टॉक सुरू होताना किती, संपताना किती. ओपन स्पेस नावाची बैठकीची एक पद्धत आहे, तिच्यात ‘दोन पायांचा नियम’ असतो: जिथं तुम्ही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून उठून दुसरीकडं जा. आपली माणसं उघड उठत नाहीत, चहाचं निमित्त काढून जातात. चहाच्या टेबलाजवळ कुठल्या वेळी गर्दी झाली, हे पोराला लिहून ठेवायला सांगा.

उत्तर (परभणी)

मी त्या 148 मध्ये होते. दादा, वाईट वाटून घेऊ नका, तुमचे कष्ट दिसत होते म्हणूनच लिहितेय.

मला परभणीची गाडी गाठायची होती, म्हणून पावणेचारला निघाले. तुमचा क्यूआर कोड आला तेव्हा मी गाडीत होते. मैत्रिणीनं लिंक पाठवली, पण उघडल्यावर गुगल लॉगिन मागायला लागलं. वाटलं, नाव तुमच्याकडं जाणार. बंद केलं.

आता जे लिहिलं नाही ते. गिटच्या (कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनाच्या) टॉकमध्ये ‘हे तर सगळ्यांना माहीतच आहे’ हे वाक्य तीनदा आलं. मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हात वर करणार होते, दुसऱ्यांदा ऐकल्यावर हात खाली ठेवला, तिसऱ्यांदा वही मिटली. माझ्या रांगेत आम्ही पाच मुली होतो, पाचही जणी एकमेकींकडं बघायलो होतो. वक्ते हुशार होते, पण ब्रांच म्हणजे काय हे आधी पाच मिनिटं सांगितलं असतं तर पुढचं सगळं आमच्या कामाचं होतं.

दुसरं, दुपारनंतर मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नव्हतं. सांगायला गेले तर टेबलावर टी-शर्टवाली सगळी मुलंच. परत फिरले. हे कुठल्या फॉर्ममध्ये लिहायचं? तुमच्या फॉर्ममध्ये ‘वक्ते’, ‘विषय’, ‘जेवण’ एवढंच होतं, असं मैत्रीण म्हणाली. टेबलावर एक मुलगी बसवा, अर्ध्या गोष्टी तिथल्या तिथं कळतील.

उत्तर (मूळ नांदेडचा, सध्या पुण्यात)

परभणीच्या ताईंना अडवलं ते बहुतेक गुगल फॉर्ममधल्या ‘एका माणसाला एकच उत्तर’ या सेटिंगनं. ते चालू असलं की लॉगिन सक्तीचं होतं. बंद करा. एखादा दोनदा भरेल, त्यानं काही बिघडत नाही. ईमेलचा रकाना सक्तीचा असेल तर तोही काढा.

कुणीतरी सुचवेलच म्हणून आधीच सांगतो: ‘0 ते 10 मध्ये, मित्राला सांगाल का?’ हा प्रश्न घेऊन आकडा मिरवू नका. 2003 मध्ये आलेली ही पद्धत मोठ्या कंपन्यांच्या हजारो ग्राहकांसाठी ठीक आहे. त्यात 9-10 वाले खूश, 0 ते 6 वाले नाराज, आणि दोन्हींच्या टक्केवारीतला फरक म्हणजे गुण. तुमच्या 41 मधला एक जण 9 वरून 6 वर आला तरी आकडा जवळपास पाचनं घसरतो. एवढ्याशा डब्यात माणसं मोजण्यापेक्षा माणसांशी बोला.

मी फोन करतो. नोंदणी करून न आलेले पाच-सहा आणि दुपारी निघून गेलेले पाच-सहा. फोन करणारा माणूस स्टेजवर न दिसलेला हवा, नाहीतर पुन्हा ‘मस्त झालं की!’. फक्त नोंदणीच्या वेळीच ‘कार्यक्रमानंतर अभिप्रायासाठी फोन करू’ असं लिहून परवानगी घ्या. 2023 चा डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदा माहीत असो नसो, दिलेला नंबर दुसऱ्याच कामाला वापरणं बरं नाही. वक्त्याबद्दल जे येईल ते त्याला एकट्याला सांगा, ग्रुपवर टाकू नका. आमचा एक चांगला वक्ता असाच कायमचा गेला.

प्रश्नकर्ता

तिघांचेही आभार. परभणीच्या ताई, पाण्याचं वाचून खाली मान गेली. टाकी दुपारी भरायची हे ठरलेलं होतं, पण कुणाच्या नावावर लिहिलेलं नव्हतं. ते आता लिहिलंय. टेबलावर दोन मुली असतील. लॉगिनचं सेटिंग मीच चालू ठेवलं होतं, आत्ताच काढलं.

रविवारी आम्ही आठ जण बसतोय. चिठ्ठीवरचे दोन प्रश्न ठरवायचे आहेत. मला वाटतं एक असा असावा: ‘कोणता शब्द कळला नाही?’ आणि पहिला टॉक ज्यांनी आजवर काहीच केलेलं नाही त्यांच्यासाठी ठेवायचा, हे मी तिथं मांडणार आहे. मसुदा इथं टाकतो, तुम्ही बघून सांगा.

एक विचारायचं राहिलं. ‘डॉकर = ?’ लिहिलेला तो कागद तुमचा तर नव्हे ना?

उत्तर (परभणी)

नाही, माझी वही माझ्याजवळच आहे. पण त्या टॉकला आमच्या मागं एक मुलगा बसला होता, सारखं काहीतरी लिहायलता. जेवणानंतर तो दिसला नाही. बीडकडचा असावा, गाडीच्या वेळा विचारत होता.